श्रद्धेतली कटती

आखाजी जवळ आली की खानदेशातल्या माहेरवाशिणींना झोके आठवतात आणि सालदारांना हिशेब. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, वर्ष संपतं. मालक वही काढतो, वर्षभरात दिलेली उचल वजा करतो, खाडे मोजतो आणि उरलेले पैसे हातावर ठेवतो. पटलं तर पुढचं साल तिथेच ठरतं, नाहीतर सालदार दुसरं घर बघतो. पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण दोघंही आपापल्या घरी जेवतात.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. दोंडाईच्याकडे आमचं गाव. त्या आखाजीला वडिलांनी ओट्यावर वही उघडली. सालदार भिल्ल होता, आमच्या चर्चमधला नव्हता. त्या वर्षी त्याच्या धाकट्या पोराचे हातपाय सुजायचे, पोरगं रात्र-रात्र कण्हायचं, आणि त्याला खांद्यावर टाकून बाप कधी भगताकडे तर कधी दवाखान्यात जायचा. त्यात अकरा खाडे पडले. वडिलांनी अकरा दिवसांचे पैसे कापले. बोलीच तशी होती, त्यामुळे सालदारानेही तोंडातून शब्द काढला नाही. बोलली ती आजी. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण रविवारची उपासना तिने कधी चुकवली नाही. सुपातली ज्वारी निवडता निवडता ती म्हणाली, "तुना येशू खाडा धरस का रे?"

वडील मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांचे, पंच होते. रविवारचं शास्त्रवाचन बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असायचं. त्यांनी आजीकडे पाहिलं, वही मिटली आणि ते गोठ्याकडे निघून गेले.

आजीचा हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही, पण तो योग्य जागी विचारला होता याबद्दल माझी खात्री पटत गेली आहे. येशूविषयी आपण जे मानतो त्याचा कस लागायचा तर तो तिथेच लागतो, ओट्यावर, उघड्या वहीसमोर. प्रार्थनासभेत आणि नाताळच्या मिरवणुकीत आपण सगळेच पास होतो.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत जमलेल्या धर्माध्यक्षांनी येशू कोण या प्रश्नावर घनघोर वाद घातला आणि तो पित्याशी एकतत्त्व आहे, खरा देव आहे, असं ठरवलं. आणखी सव्वाशे वर्षांनी, ४५१ साली, खाल्केदोनच्या परिषदेने त्याची दुसरी बाजू तितक्याच ठामपणे मांडली: तो पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूसही. आम्ही याला देहधारण म्हणतो. देव माणसाच्या रूपात काही काळ दर्शन देऊन गेला, असा याचा अर्थ नाही. त्याला भूक लागली, तो दमला, होडीत उशी घेऊन झोपला, मित्र मेला तेव्हा रडला. आणि त्याने काम केलं. मार्काच्या शुभवर्तमानात गावातले लोक त्याला हिणवतात ते "हा तो सुतारच ना?" असं म्हणून. लूक सांगतो की त्याने जाहीर कार्य सुरू केलं तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. म्हणजे त्याच्या कामाची बरीचशी वर्षं उपदेशात गेलेली नाहीत, नाझरेथसारख्या आडगावात हातात हत्यार धरण्यात गेली आहेत. देवाच्या तळहाताला घट्टे पडले होते, असं म्हणायला आम्हा ख्रिस्ती लोकांना मुळीच संकोच वाटू नये. उपासनेत आम्ही म्हणतो त्या विश्वासांगीकाराचा अर्थच तो आहे.

पण विश्वासांगीकार म्हणताना एक गंमत होते. "कुमारी मरीयेपासून जन्मला" असं म्हणून आपण श्वास घेतो आणि थेट येशूला मरणाची शिक्षा देणाऱ्या पंतय पिलातापाशी पोहोचतो. जन्म आणि मरण यांच्यामधली ती कामाची वर्षं एका स्वल्पविरामात जातात. विश्वासांगीकार लिहिणाऱ्यांना दोष देत नाही, त्यांच्यापुढचे वाद वेगळे होते. आपण मात्र त्या स्वल्पविरामाची सवय लावून घेतली आहे.

आमच्या भागात या सवयीला नेमका शब्द आहे: कटती. शेतकरी कापूस घेऊन व्यापाऱ्याकडे जातो. व्यापारी गाठोड्यात हात घालतो, कवडी आहे म्हणतो, ओल आहे म्हणतो, आणि वजनातून काही किलो उडवतो. शेतकरी चिडतो, आंदोलन करतो, निवेदनं देतो, आणि त्याचं चिडणं शंभर टक्के रास्त असतं. मग तोच शेतकरी संध्याकाळी स्वतःच्या बांधावर निंबाच्या फांदीला काटा लटकवतो. वेचणाऱ्या बाया एकेक करून गाठोडं अडकवतात. फडक्याचं वजन म्हणून अर्धा किलो, सकाळच्या दवाची ओल म्हणून आणखी एक. बाईने बारा तासांत चाळीस किलो वेचला असेल तर वहीत साडेअडतीस लागतो. हे मी ऐकीव लिहीत नाही. वडिलांच्या पश्चात काही वर्षं मी स्वतः त्या काट्याखाली उभा राहिलो आहे. काटा आता डिजिटल आहे आणि बायांच्या पोरी आकडे वाचतात. एकदा शाळेतली एक पोरगी काट्याजवळ आली, लाल आकड्यांकडे पाहिलं, मग माझ्या वहीकडे पाहिलं, आणि काही न बोलता आईचं रिकामं फडकं झटकून घडी घालायला लागली. मी त्या दिवशी वही बदलली नाही. पुढचा रविवार प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत भाकर वाटून खाण्याच्या विधीचा होता, आणि मी भाकर घेतली.

व्यापारी आपल्याला जे करतो ते आपण मजुराला करतो, आणि या गोष्टीवर येशूने एक अख्खा दाखला, म्हणजे बोधकथा, खर्च केला आहे. एका चाकरावर राजाचं दहा हजार तालांतांचं कर्ज होतं आणि राजाने ते सोडलं. बाहेर पडताच त्याच चाकराने आपल्या सोबत्याचा गळा धरला, शंभर दिनारांसाठी. हे आकडे आपण उपदेशात पटकन ओलांडतो. दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज, आणि तालांत म्हणजे सहा हजार दिनार. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस राबलं तरी ती फेडायला दोन लाख वर्षं लागतील. आकडा मुद्दामच अचाट ठेवला आहे. पण शंभर दिनार ही रक्कमही फुटकळ नाही, ती शंभर दिवसांची कमाई आहे. म्हणजे येशू असं म्हणत नाही की आपलं येणं क्षुल्लक आहे, सोडून द्या. येणं खरं आहे, हे तो मान्य करतो, आणि तरीही विचारतो की तुझी वही आत्ताच कोरी झाली ना?

द्राक्षमळ्याचा दाखला तर थेट मजुरीचाच आहे. मालक पहाटे चौकात जातो, एक दिनार ठरवून माणसं आणतो. पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. शेवटी पाच वाजता जातो तेव्हाही काही जण उभेच असतात. "दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात?" असं विचारल्यावर ते सांगतात की आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. धुळ्यात सकाळी चौकात उभे असलेले मजूर ज्याने पाहिले आहेत, त्याला या उत्तराचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. अकरा वाजले की जे उरतात ते म्हातारे असतात, लंगडे असतात, किंवा अंगावर पोर असलेल्या बाया. संध्याकाळी मालक सगळ्यांना एकेक दिनार देतो. आणि तो संध्याकाळीच देतो, कारण मजुराचा रोज रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, असं लेवीय पुस्तकातलं जुनं नियमशास्त्र सांगतं. आमच्याकडे रोज बाजाराच्या दिवसापर्यंत ठेवण्याची रीत आहे. सोय म्हणून ती चालते, पण सोय कुणाची, हेही विचारायला हवं.

इथे शेतकरी वाचक हातातलं बाजूला ठेवून मला झापणार, आणि त्यांनी झापावंच. कापूस परवडतो कुणाला? २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला आणि हंगामाच्या तोंडावर सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क २०२५ च्या अखेरपर्यंत माफ करून टाकलं. वेचणी किलोला दहा रुपये धरली तरी क्विंटलला हजार रुपये तिथेच गेले. बियाणं, खत, फवारणी, बोंडअळी वेगळी. दाखल्यातला मालक द्राक्षमळ्याचा धनी होता, त्याच्या पदरी कारभारी होता; माझ्या पदरी सोसायटीचं कर्ज आहे.

हे खरं आहे, आणि मी कुणाला दुप्पट मजुरी द्या म्हणत नाही. जे ठरलं आहे ते पूर्ण द्या, एवढंच म्हणतो. काटा खरा ठेवा. ठरलेल्या दराने साडेअडतीस किलोचे पैसे देणं आणि चाळीस किलोचे देणं यात फरक दीड किलोचा, पंधरा रुपयांचा. पंधरा रुपयांनी माझं कर्ज फिटत नाही, पण त्या बाईच्या घरचं एक वेळचं तेल येतं. खाड्याचं म्हणाल तर आजारी पोराला दवाखान्यात नेण्याला खाडा म्हणायचं का, हा पैशांआधीचा प्रश्न आहे. नोकरदार माणसाला त्यासाठी रजा असते.

दुसरा आक्षेप आमच्या घरातलाच आहे. आमचे पाळक म्हणतील की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने आहे, कर्माने नाही. तुम्ही काट्याला तारण बांधताय. मी जक्कयाकडे बोट दाखवेन. यरीहोचा हा जकातदार म्हणजे कटतीचाच बादशहा. येशू त्याच्या घरी जेवायला गेला तो त्याने एक छदामही परत करण्याआधी. कृपा पहिली आली, कबूल. पण मग जक्कय उभा राहिला आणि म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. पैसे लुबाडल्याची कबुली स्वतःहून दिली तर नियमशास्त्रात मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढीच भरपाई होती. चौपट ही मेंढरू चोरून कापणाऱ्याची शिक्षा. जक्कयाने ती आपणहून स्वतःला लावून घेतली. आणि येशू म्हणाला की आज या घराला तारण मिळालं आहे. वही आणि कृपा यांच्यात एका जेवणाचंही अंतर पडलं नाही.

वधस्तंभाबद्दल मात्र मला उलट्या बाजूने बोलावं लागतं, कारण तिथे आपण कटती करत नाही, भलत्याच्या खात्यावर बोजा टाकतो. नवरा दारू पिऊन मारतो असं सांगत एखादी बाई मंडळीतल्या मोठ्यांकडे येते, आणि तिला सांगितलं जातं: बाई, प्रभूने किती सोसलं, तूही आपला वधस्तंभ उचल, क्षमा कर, घरी जा. हे मी माझ्या कानांनी एकापेक्षा जास्त वेळा ऐकलं आहे. हे शास्त्र नाही. येशूने वधस्तंभ स्वतः पत्करला, दुसऱ्याच्या पाठीवर लादला नाही. महायाजकापुढे शिपायाने त्याच्या तोंडात मारली तेव्हा योहान लिहितो की त्याने विचारलं, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर. बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? दुसरा गाल पुढे करायला सांगणाऱ्यानेच जाब विचारला. आणि सत्तर वेळा सात क्षमा कर, हे ज्या मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात थोडं आधी रीत दिली आहे: अपराध्याला एकांतात सांग, ऐकलं नाही तर दोघा-तिघांना घेऊन जा, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग, तरीही ऐकलं नाही तर त्याला बाहेरचा समज. या सगळ्या पायऱ्या गाळून क्षमेवर उडी मारायची, आणि तीही मार खाणाऱ्याने, मारणाऱ्याने नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा पंचांनी एकदा वाचला तरी मंडळीचं भलं होईल. बांधावरून कोर्टात असलेले सख्खे भाऊ दोन टोकांच्या बाकांवर बसून एकच भाकर खातात, त्यांना क्षमेचा उपदेश करायला मात्र कुणी धजावत नाही.

आणि चंगाई, म्हणजे प्रार्थनेने बरं होणं. हा विषय टाळून खानदेशात येशूबद्दल बोलणं म्हणजे वरण वाढून भात विसरणं. आमच्या नंदुरबार भागात, अक्कलकुवा-धडगावपासून नवापूरपर्यंत, कितीतरी कुटुंबांची येशूशी पहिली ओळख आजारपणात झाली. कुणीतरी प्रार्थना केली, ताप उतरला, माणूस उभा राहिला. या ओळखीला मी नाक मुरडणार नाही. येशूभोवती गोळा झालेली गर्दीही आजाऱ्यांचीच होती. पण पुनरुत्थानावरचा विश्वास म्हणजे औषधावरचा अविश्वास, असं कुठून आलं? आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरांत आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता असते की मूल रुग्ण जन्मेल. हातपाय सुजतात, सांधे असह्य दुखतात. पूर्ण बरा करणारा सोपा इलाज नाही, पण हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या नियमित घेतल्या तर दुखण्याच्या कळा कमी येतात. १ जुलै २०२३ रोजी देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तपासणी मोफत आहे. आणि तरी "प्रभूने बरं केलं, आता गोळ्या नको" असं म्हणून गोळ्या थांबवलेली पोरं मला माहीत आहेत.

येशूने कुष्ठरोग्याला बरं केल्यावर काय सांगितलं? जा, याजकाला दाखव. त्या काळी तो रोग गेला की नाही हे ठरवण्याचा अधिकार याजकाचा होता. म्हणजे बरं झाल्याची खातरजमा करून घे, एवढाच त्याचा साधा अर्थ. येशूच्या दाखल्यातल्या शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूसाठी प्रार्थना केली की नाही ते लूक सांगत नाही. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं आणि दोन दिनार दिले, हे मात्र तपशिलाने सांगतो. सुरत-धुळे महामार्गालगत चिंचपाड्याला मिशन हॉस्पिटल उभं राहिलं ते याच दाखल्यावर. तिथे प्रार्थनाही होते आणि रक्तही तपासलं जातं, आणि दोन्ही करणाऱ्यांना त्यात काही विसंगती वाटत नाही.

आमच्या त्या सालदाराच्या पोराला काय झालं होतं, ते तेव्हा कुणालाच कळलं नाही. आता मला अंदाज येतो.

गेल्या काही वर्षांत आमच्या दोन-तीन जिल्ह्यांत ख्रिस्ती हा शब्द उच्चारला की धर्मांतर हाच विषय निघतो. एक बाजू चर्च मोजते, दुसरी बाजू संविधानाचं धर्मस्वातंत्र्याचं पंचविसावं कलम दाखवते. ते कलम मला प्राणांइतकं प्रिय आहे, आणि आम्ही चांगले वागतो म्हणून आम्हाला ते मिळालेलं नाही. वाईट वागलो तरी ते आमचंच आहे. हक्काला वर्तणुकीचा दाखला लागत नाही. श्रद्धेला मात्र लागतो. दोन्ही बाजू डोकी मोजत बसल्या आहेत, आणि ज्याचं डोकं मोजलं जातंय त्याचा रोज कुणी पुरा मोजतो का, हे कुणी विचारत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शहादा-तळोद्याच्या शेतमजुरांनी आणि सालदारांनी मजुरीसाठी, जमिनीसाठी आवाज उठवला तेव्हा भजनं गात गावोगाव फिरणारे अंबरसिंग सुरतवंती त्यांच्या पुढे होते. त्याही आधी, तीसच्या दशकात, तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी भिल्लांना दारू सोडायला लावली आणि एकमेकांना "आप" म्हणायला शिकवलं. ज्यांना सगळा मुलूख "अरे" म्हणत होता त्यांनी एकमेकांना आप म्हणायचं. यांतल्या कुणाला नायसिया ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आम्हाला ठाऊक आहे, आणि आम्ही रविवारी ज्याला "बंधू" म्हणतो त्यालाच सोमवारी शेतात "ए, इकडे ये" म्हणतो. बऱ्याच खळ्यांवर मजुरांचा कप अजून वेगळ्या कोनाड्यात पालथा घातलेला असतो. ख्रिस्ती खळ्यांवरही.

वडील गेल्यावर त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. लाल पुठ्ठ्याच्या, उभ्या. त्या वर्षीचं पान मी शोधून काढलं. सालदाराच्या नावाखाली अकरा उभ्या रेघा आहेत, पेन्सिलीने मारलेल्या, पाच-पाचच्या जुडग्यात आणि वर एक. त्या खोडलेल्या नाहीत, आणि पैसे परत दिल्याची नोंदही नाही. त्याच्या पुढच्या सालाच्या पानावर तेच नाव आहे, उचल आहे, धान्य आहे, चपलांचा एक जोड आहे. रेघ एकही नाही. त्या साली त्याने खाडा केलाच नाही की वडिलांनी मांडायचा सोडला, हे आता विचारणार कुणाला? पोरगं तर त्या साली पावसाळ्यातच गेलं होतं.